तारवाल्या काकांचा 'सीरियस'

तारवाल्या काकांनी कधी कोणाला मेलेलं लिहिलं नाही. सीताबर्डीच्या तारघराबाहेर बसून ते लोकांच्या तारा इंग्रजीत लिहून देत. माणूस खरंच आजारी असला तर 'सिक', गेलेला असला तर 'सीरियस'. साहेबाच्या इंग्रजीत काय असेल ते असो, काकांच्या टेबलावर या शब्दाचा अर्थ एवढाच.

"बाप तं सकाळीच गेला, काका. मंग सीरियस काहून लिहून राहिले?" एकानं विचारलं होतं.

"तुहा भाऊ एकटा येईन गा गाडीत. रस्ताभर त्याले आस राहू दे. रडायले घर आहेच."

दर वेळी हे साधत नसे. आईसाठी औषध घेऊन आलेला एक जण तिची रिकामी खाट पाहून थेट काकांवर धावून आला होता. "येडा बनवलं तुम्ही मले!" काकांनी ऐकून घेतलं. "धड पोचला ना?" एवढंच विचारलं.

मी त्यांची शेजारीण; काका मला सूनबाई म्हणत. कोणाकडे काही अडलं की आधी मला हाक. जबलपूरहून जावयाची तार आली तेव्हाही मी तिथेच होते. त्यांची एकुलती लेक कुसुम दुसऱ्या खेपेची, दिवस भरत आलेली. तारेत होतं, 'कुसुम सीरियस. निघा.' जावई लग्नाआधी काकांच्याच हाताखाली तारा लिहायला शिकलेला.

"म्हणजे काय वं?" काकूंनी मला विचारलं. मी काकांकडे पाहिलं.

"लय बिमार आहे," काका म्हणाले. "चाल, निघू."

मी भराभर सामान बांधलं. काकूंनी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू घेतले. तो जड डबा काकांनी स्टेशनापर्यंत स्वतः उचलला.

तेराव्यानंतर दोघं परतली. काकू म्हणाल्या, "जाताना गाडीत रातभर मी त्याईले पोरीले काय खाऊ घालायचं ते सांगत होती. अन् त्याईले ठाऊक होतं वं! हो हो करत होते."

त्यानंतर त्या काकांना ताट वाढत, पण बोलत नसत. घरातून भांड्यांचाच आवाज येई.

एका सकाळी काका माझ्या दाराशी थांबले. "सूनबाई, तिले इथंच सांगायले पाह्यजे होतं का?"

मला गोलमोल बोलता येत नाही. "हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, पायरीवर बसून चपला घातल्या आणि तारघराकडे निघाले.