घरच्या कीबोर्डवरचा क

माझी बायको बारावी झालेली आणि मी सातवीतून शाळा सोडलेला. लग्नाच्या वेळी तिच्या घरच्यांनी हे चालवून घेतलं, कारण मी चाकणला कंपनीत कामाला होतो. त्यांचे उपकार मी अजून मानतो. आम्ही दोघंही परभणीकडचे. राहायला चिखलीत एक खोली. मी प्रेस मशीनवर, ती निघोज्यात एका शेडमध्ये पॅकिंगला.

गावाकडच्या हायस्कुलातले कारकून रिटायर होणार होते. संस्थेवाल्यांनी तिच्या वडिलांना शब्द दिला होता की पोरीकडं मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट असेल तर जागा तिची. जागा मिळाली की आम्ही गावी परत जाणार. मी तिथं काहीही केलं असतं, कुणाच्या दुकानात पोती उचलली असती. कंपनीच्या बसमध्ये बसलो की मी मनातल्या मनात सामान बांधायला लागायचो.

चिखलीतच तिचं टायपिंगच्या क्लासला नाव घातलं. पण शेडमध्ये ओव्हरटाइम लागला की क्लास बुडायचा. मॅडम म्हणाल्या, घरी सराव ठेवा. म्हणून जवळच्या दुरुस्तीवाल्या भाईंकडून एक जुना कॉम्प्युटर घेतला. तो सुरू केला की थोड्या वेळानं स्क्रीन काळी व्हायची आणि कोपऱ्यात इंग्रजीत काहीतरी यायचं. बायकोनं वाचून सांगितलं, "आतलं विंडोज खरं नाही म्हणतंय. नकली आहे."

झालं. आधीच माझा जीव एवढासा. परगावची माणसं, भाड्याची खोली आणि आत चोरीचा माल. ती सरावाला बसली की मी खिडकी लावून घ्यायचो.

"असं काय करता? टायपिंग करायलेय मी, दारू नाही गाळायले," ती म्हणायची.

शेवटी मी भाईंकडे गेलो. ते हसले. "अख्ख्या चिखलीत हेच चालतंय, भाऊ. पोलीस काय तुझ्याच खोलीत येणार?" मग माझं तोंड बघून त्यांनी हसू आवरलं. "असं कर, विंडोजच्या जागी लिनक्स टाक. फुकट मिळतं, कायद्यानं मिळतं, आणि जुन्या मशीनवर पळतं." त्यांनी पेन ड्राइव्ह भरून दिला, कागदावर चित्रं काढून पायऱ्या समजावल्या आणि पैसे घेतले नाहीत. "अडलं तर ये," असं दोनदा म्हणाले.

गुरुवारी मला सुट्टी होती, तिला नव्हती. मी एकटाच बसलो. कंपनीत मशीनच्या स्क्रीनवर जे येतं ते मी रंगावरून ओळखतो. हिरवं आलं की चालू, लाल आलं की मशीन लावून देणाऱ्या सेटरला हाक. वाचत कधीच नाही. इथं मात्र सुरुवातीलाच भाषांची यादी आली आणि तिच्यात मराठी दिसली. मी ती दाबली. पुढं जुनं सगळं पुसलं जाईल, अशी सूचना आली, तीही मराठीत. नकली जाणार म्हणून मी खूश झालो.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी खुर्चीत बसून मोठ्यानं वाचत होतो. शोधा. जतन करा. कचरापेटी. बंद करा. आयुष्यात पहिल्यांदा एखादं यंत्र माझ्याशी बोलत होतं आणि मला कळत होतं. मी उठून तिला बसवलं. तिनं बोटं ठेवली, दोन-चार बटणं दाबली आणि थांबली.

"अहो, क इथं नाही."

"म्हणजे?"

"क्लासमधे क डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली येतो. इथं उजव्या. आणि तिथं पहिली वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. इथं उलटं."

"पण मराठीच उमटतंय ना?"

"मराठीच."

"मग बसेल हाताला."

मी हे उगाच म्हटलं नव्हतं. आमच्याकडं एका प्रेसचा दांडा डावीकडं, दुसऱ्याचा उजवीकडं. मशीन बदललं की एका शिफ्टमध्ये हात बदलतो. कीबोर्डचंही तसंच असणार, असं मला मनापासून वाटलं. तिनं विचारलं, जुनं परत येईल का? मी म्हटलं, ते पुसलं गेलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग स्क्रीनकडं. "बरं," म्हणाली.

आणि ती शिकली. मी चहा ठेवायचो आणि मागं बटणांचा आवाज दिवसेंदिवस जलद होत जायचा. मला इतकं बरं वाटायचं की क्लास बुडला तरी मी म्हणायचो, घरी चाललंय ना, कशाला दमतेस? क्लासच्या जिन्याखाली मी कितीदा तिची वाट बघत उभा राहिलो असेन. एकदाही वर जाऊन मॅडमना विचारलं नाही. सातवीवाला माणूस, काय विचारणार?

परीक्षा जवळ आल्यावर ती पुन्हा रोज क्लासला जायला लागली, तेव्हा हाताला घरी लागलेलं वळण मोडेना. परीक्षेला क्लासमधलीच, जुन्या टाइपरायटरची मांडणी होती. मी केंद्राबाहेर थांबलो होतो. ती बाहेर आली आणि रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "वेग आला नाही. सारखं खोडावं लागलं."

निकालात ती नापास झाली, आणि तेवढ्यात शाळेतली जागा भरली. तिचे वडील फोनवर मला एक शब्द लावून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढं एकदा भाईंकडे माउस बदलायला गेलो आणि सगळं बोलून गेलो. त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "अरे, टाइपरायटरची मांडणी त्यातच टाकता येते. चहा संपायच्या आत झालं असतं. आला का नाहीस?"

काय सांगणार? फुकट दिलेल्या माणसाला आणखी किती त्रास द्यायचा, म्हणून नाही आलो. मला तो चांगुलपणा वाटला होता.

भाई स्वतः खोलीवर येऊन ते करून गेले. ते गेल्यावर मी बायकोला म्हटलं, तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. धरून का बसली नाहीस?

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "तुमी वाचत बसला होता," ती म्हणाली. "मला म्हणवलं नाही."

परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरू, असं ती म्हणते. भरूच. पण गावातली ती जागा काही परत निघणार नाही.

जागा मिळणारच, या भरवशावर मी मालकीणबाईंना खोली सोडणार म्हणून सांगून ठेवलं होतं. पगाराच्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन ते मागं घेतलं.

"ऱ्हावा की," त्या म्हणाल्या. "कोण हाकलतंय तुमास्नी?"

मी त्यांचे आभार मानले.