लसीच्या पेटीत माझी बाटली

भूमहून ईटला जाणारी एसटी भर उन्हात बंद पडली. शेजारी आरोग्य खात्यातले, निवृत्तीला टेकलेले एक साहेब बसले होते. मांडीवर लसीची निळी पेटी. "जरा बघा हिच्याकडं," म्हणून ते दुसरी गाडी शोधायला उतरले. मी इतकं बघितलं, की झाकण काढून माझी पाण्याची बाटली आतल्या बर्फात खोचली. मग झाकण काही बसेना. म्हटलं, पाणी गार होईस्तोवर राहू दे तसंच.

साहेब परतले, ते बघून जागीच थबकले. "किती येळ उघडी हाय?"

"हे काय, आत्ताच," मी ठोकून दिलं.

"खरं सांगा. ईटात आया लेकरं घेऊन बसल्यात."

"पंधरा मिनिटं," मी पुटपुटलो.

त्यांनी एकेक कुपी डोळ्यांपाशी धरली. प्रत्येकीवर गडद गोलात फिकट चौकोन होता. उष्णतेनं तो गोलाइतका गडद झाला, की लस वाया. सगळे चौकोन फिकटच निघाले.

"वाचलो की, साहेब!"

"वाचलेलं कुणाला दिसतंय? तीस वर्सं नोकरी झाली. लेकरू आजारी पडलंच न्हाय, हे कोण बघायला येतंय?"

मग माझी बाटली काढून त्यांनी झाकण बसवलं, डोक्याचा रुमाल सोडून पेटीला गुंडाळला आणि एका मोटारसायकलवर मागं बसून, उघड्या डोक्यानं, ते निघून गेले.