कुरवाचं पिल्लू आणि जावयाचे केस

पुण्यात चिडक्या माणसांची टंचाई कधीच नव्हती; पण पक्ष्याचं वय चुकीचं सांगितलं म्हणून माणसांशी बोलणं टाकणारे गृहस्थ अख्ख्या शहरात एकच, आणि ते कर्वेनगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. हिवाळ्यात येरवड्याजवळ नदीवर कुरव पक्षी उतरतात, काही काळ्या डोक्याचे, काही तपकिरी डोक्याचे. त्यांना कुणी ‘सीगल’ म्हटलं की यांचं डोकं फिरतं. रविवारी पहाटे ते माझं दार बडवत, आणि नाकाला रुमाल लावून मी नदीकाठी उभा राहत असे. ‘‘तो काळ्या डोक्याचा ना?’’ मी एकदा विचारलं. ‘‘हिवाळ्यात दोन्ही जातींची डोकी पांढरीच असतात. डोळे घरी ठेवून आलात का?’’ पिल्लांच्या बाबतीत तर कहरच. तपकिरी पंख, शेपटीला काळी पट्टी, दोन्ही जातींची पिल्लं सारखीच. ‘‘रंगावर जाऊ नका. रंग दोन हिवाळ्यांत पालटतो. बांधा बघा. मान जाड आहे का, चोच दणकट आहे का,’’ हे ते इतक्या जोरात ओरडत की पक्षी उडून जात, आणि पक्षी उडाले की दोष माझा.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं आपल्या आयटी कंपनीतला मुलगा घरी आणला. त्याचे केस तांबूस रंगवलेले. पोह्यांची बशी हातात असतानाच यांनी निकाल दिला, ‘‘असलं ध्यान या घरात चालणार नाही.’’ मुलगी शांतपणे म्हणाली, ‘‘बाबा, रंगावर जाऊ नये, बांधा बघावा, असं तुम्हीच म्हणता.’’ त्यावर ते जिना हादरेल असे ओरडले. तिनं त्याच्याशीच लग्न केलं, दोघं अमेरिकेला गेली, आणि यांनी तिचं नाव घेणं सोडलं. मला त्यांचा संताप यायचा. पक्ष्याच्या पिल्लाला दोन हिवाळे देणारा माणूस पोटच्या पोरीला दोन मिनिटं देत नाही, हे मी त्यांना तोंडावर सुनावलंही. मग ते माझ्याशीही बोलेनासे झाले, रविवार सोडून.

परवा तिची ईमेल माझ्याकडे आली: ‘काका, बाबांना विचारा ना, हा कोणता?’ फोटोत कठड्यावर कुरवाचं पिल्लू, शेजारी जावई. मी त्यांना जवळजवळ ओढत आणून कॉम्प्युटरपुढे बसवलं. ते लगेच भडकले. ‘‘पाय दिसत नाहीत, चोच अर्धी कापलीय. हा काय फोटो आहे?’’ मग ते पडद्याजवळ वाकले. जावयाच्या केसांचा रंग केव्हाच उतरला होता. ‘‘याला मी नीट बघितलंच नव्हतं,’’ ते म्हणाले, आणि पुन्हा आवाज चढवून माझ्यावर खेकसले, ‘‘आणि ही कुठाय?’’

फोटो तिनंच काढला असणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. तरी ते पडद्यावर तिला शोधत राहिले.