शनिवारी दुपारी, फक्त प्रौढांसाठी

हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यावर मी नॉटिंगहॅमच्या एका छोट्या फिल्म क्लबची मेंबर झाले. त्या महिन्यात सत्तरच्या दशकातले फ्रेंच, फक्त प्रौढांसाठीचे सिनेमे होते. नवऱ्याला मी नुसतंच "फ्रेंच सिनेमा" म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मग तूच जा. सबटायटल्स वाचून माझं डोकं दुखतं." त्यात वाचण्यासारखं फारसं नसणार, हे मी बोलले नाही.

पंधरा-वीस प्रेक्षक, बहुतेक माझ्याच वयाचे. पडद्यावर एक श्रीमंत विधवा, तिचा माळी आणि दोघांकडे भरपूर रिकामा वेळ. जन्मभर बाळंतपणं केलेली मी, उघड्या अंगाचं मला काय अप्रूप? मी बघत राहिले तो खिडकीतून येणारा मधासारखा उजेड. कॅमेरामनने त्यात जीव ओतला होता. माळी मात्र मोजे काढायला विसरला होता.

मग चर्चा. क्लब चालवणारा तरुण प्राध्यापक पुरुषी नजरेवर बराच वेळ बोलला आणि माझ्याकडे वळला. "डॉक्टर, तुम्हाला काय वाटलं?"

"बाई कंटाळली आहे," मी म्हटलं. "ऐन प्रसंगात ती त्याच्या खांद्यावरून खिडकीच्या पडद्यांकडे बघते, धुवायला झालेत का म्हणून. सबंध सिनेमात तेवढाच खरा अभिनय."

सगळे हसले. प्राध्यापकाने पुढच्या सिनेमाची प्रस्तावना माझ्याच गळ्यात घातली. घरी येऊन नवऱ्याला सगळं खरं सांगितलं, तर तो चहा सांडेपर्यंत हसला.

पण क्लबने माझ्या फोटोसकट पोस्टर काढलं आणि ते लेस्टरच्या माझ्या मैत्रिणीपर्यंत पोचलं. तिथल्या मराठी मंडळात गणपतीची आरती तिच्याशिवाय सुरू होत नाही. तिचा फोन आला.

"तू हे असलं बघतेस?"

"अभ्यास म्हणून."

तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "तिथे पार्किंग मिळतं का?"

त्या पुढच्या सिनेमाला मंडळातल्या आणखी दोघींना घेऊन ती आली आणि पहिल्याच रांगेत बसली. मी प्रकाशयोजनेवर दहा मिनिटं बोलले. सिनेमा संपल्यावर तिने हात वर केला.

"नायिकेचा नवरा तीनदा बॅग घेऊन बाहेर पडतो. तो जातो कुठे?"

प्राध्यापकाने प्रश्न वहीत उतरवून घेतला.

पुढचा शो मंडळाच्या मीटिंगच्याच दिवशी होता. तिघींनी मीटिंग पुढे ढकलली.