न भाजणारी ज्योत

"पोरगीला घेऊनच ये," असं बजावून दादानं मला अकोल्याला पुण्याच्या गाडीत बसवलं. त्याची मुलगी सायली पुण्यात संशोधन करते. एवढ्या दिवसांत दाखवण्याजोगं काही नाही, असं त्याचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

पुण्यात उतरून रिक्षावाल्याला विचारलं, "बिबवेवाडीला येता का?"

"मी रोजच जातो. आपण येणार असाल तर बसा."

मुकाट्यानं बसले.

सायलीच्या खोलीखालीच अमृततुल्य (इथे चहाच्या दुकानाला असंच म्हणतात) होतं. चहा फक्कड, पण कप एवढासा की मी लगेच दुसरा मागवला.

"बाबांचा निरोप कळलाय मला," ती म्हणाली. "आज सरांना डेमो द्यायचाय, आत्या. फेल गेला तर मीच येते तुझ्याबरोबर."

प्रयोगशाळेत तिनं आधी संगणक दाखवला. दोन पट्ट्यांमधल्या फटीत हेलियम वायू, आणि त्यात रेडिओलहरींच्या जातीची वीज, जी सेकंदाला कोटीहून जास्त वेळा दिशा बदलते. पडद्यावर निळे ठिपके फटीत इकडून तिकडे झुलत होते. तांबडे मात्र जागचे हलत नव्हते.

"निळे इलेक्ट्रॉन. हलके, म्हणून धावतात. जड कण तेवढ्यात हलूच शकत नाहीत, म्हणून वायू फारसा तापत नाही. ही विजेची एकच लाट आहे, आत्या. एवढ्याचा हिशेब करायला मशीन रात्रभर रन होत होतं."

डोळ्याचं पातं लवायच्याही कितीतरी आधी संपणारी गोष्ट मी आरामात बसून पाहत होते.

या वायूची थंड ज्योत करता येते, पण उघड्या हवेत ती सहजी टिकत नाही, एका जागी गोळा होऊन ठिणगी होते आणि जाळते. ते टाळायला फट किती ठेवायची, हे सायलीनं संगणकावर काढलं होतं. आज खरी परीक्षा होती.

सर आले. तिनं बटण दाबलं. वायू बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी बोटभर जांभळी ज्योत उभी राहिली, अगदी शांत. सायलीनं तिच्यात गुलाबाची पाकळी धरली. पाकळी तशीच टवटवीत. सर तापमापक घ्यायला वळले आणि मला काय झालं कोण जाणे, मी पुढे होऊन ज्योतीवर हात धरला, बोटं तिच्यात बुडाली, आणि तोच हात डोळ्यांना लावला.

सायली पांढरीफटक पडली. माझी बोटं जेमतेम कोमट झाली होती.

सरांनी माझा हात निरखला, मग तापमापकावरचा आकडा पाहिला. "अहो, आरती झाली. प्रसाद मात्र आमच्याकडे नसतो." मग सायलीकडे न बघताच म्हणाले, "पुढचं काम उद्यापासून सुरू करा."

परतीच्या गाडीत मी सारखी बोटं बघत होते. इतकी वर्षं निरांजनावरून हात फिरवला तो जरा दुरूनच. या ज्योतीत मात्र बोटं घालून आले होते.

अकोल्याला फलाटावर दादा उभा होता. माझ्यामागे डब्याच्या दाराकडे बघत राहिला.

"एकटीच आली काऊन? पोरगी कुठं हाय?"

मी हात त्याच्यापुढे धरला. "बघ, भाजला नाही."

त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. "कशानं?"

"तुझ्या लेकीनं पेटवलेल्या ज्योतीनं."