सूर्य दोन बोटं वर असताना

धार्मिक माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, पण शास्त्रात लिहिलेलं खरोखर करायचं असतं अशी समजूत असलेला माणूस एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आमचे हे शेजारी मूळचे उमरोळीचे, वडिलांपासून ख्रिस्ती. तारापूरच्या ज्या कारखान्यात ते फिटर होते, त्याच कारखान्यात मी कारकून. बोईसरच्या चाळीत आम्ही बावीस वर्षं शेजारी होतो आणि त्या काळात माझी शांतता त्यांच्या आज्ञाधारकपणामुळे जितकी बिघडली तितकी कोणाच्या उद्धटपणामुळे बिघडली नाही.

रोज सकाळी कामावर निघण्याआधी ते पवित्र शास्त्राचं एक पान वाचत. त्या पानावर जे करायला सांगितलं असेल ते केल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्या मंडळीतले बाकीचे लोक वर्षभरात सगळं संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत, तेव्हा आमचे शेजारी गेल्या वर्षीच्याच पानावर असत. "पुढं वाचून काय करू? मागचंच बाकी हाय," म्हणत. वैऱ्यावर प्रीती करा असं सांगणाऱ्या पानावर तर ते कायमचे अडकले, कारण त्यांना वैरीच नव्हता. सहा महिने वाट पाहून एका रविवारी प्रार्थनेहून परतताना ते माझ्याकडे आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि संकोचून म्हणाले, "भाऊ, तुमी व्हाल का?" मी विचार करून सांगतो म्हणालो.

कोणी एक कोस सोबत मागितली तर दोन कोस जावं, हे पान त्यांनी फार मनापासून पाळलं होतं. एकदा बिहारहून आलेल्या एका कामगाराने त्यांना कारखान्याचा पत्ता विचारला. यांनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं आणि मग "थोडा और चलो" म्हणत तितकंच अंतर पुढे नेलं. तो बिचारा घाबरून चालत राहिला आणि शेवटी भलत्याच कारखान्याच्या दारात उभा राहिला. तिथे नेमका माणूस हवा होता. तो अजून तिथेच आहे आणि दर दिवाळीला यांना मिठाई आणून देतो. यात आपण काही विशेष केलं असं यांना वाटत नाही. अंतर मात्र बरोबर दुप्पट होतं, असं ते आवर्जून सांगतात.

पण सगळ्यात जाच होता तो सूर्याचा. सूर्य मावळायच्या आत राग सोडावा, अशी आज्ञा पुढच्या पानांत आहे म्हणे; ती त्यांनी रविवारच्या प्रार्थनेत ऐकली होती. त्यामुळे दुपारी तीननंतर ते कोणाशीही भांडत नसत. चाळीत पाण्यावरून संध्याकाळी जुंपली तर हात जोडून "उद्या सकाळी या, वेळ काढून ठेवतो" म्हणत. सकाळच्या भांडणाचा निकाल लावायला मात्र ते न चुकता दिवस कलताना गच्चीवर जात, हात लांब करून सूर्याखाली किती बोटं मावतात ते मोजत. एक बोट म्हणजे पाव तास. दोन बोटं उरली की खाली येऊन त्या माणसाच्या दारात उभे राहत आणि म्हणत, "माजं चुकलं. तुमचं काय चुकलं ते तुमी बगा." दुसरं वाक्य ऐकून पुष्कळांना नव्याने राग येई, पण तोवर यांचं काम झालेलं असे.

एकदा मी आजारपणाची रजा टाकून घरी होतो. साहेब चौकशीला आले ते चुकून शेजाऱ्यांच्या दारात. यांनी त्यांना आदराने माहिती दिली, "बरे हायत. बोंबील तळतायत." मला लेखी ताकीद मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभा राहून चाळीला ऐकू जाईल असा ओरडलो. तेही ओरडले. "खोटं कसं बोलू?" एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते बिनतोड असल्यामुळे मी आणखी पेटलो. संध्याकाळी हे "माजं चुकलं" म्हणायला येणार हे मला ठाऊक होतं. मी ठरवलं, आज सापडायचंच नाही. मावळू दे सूर्य, मोडू दे यांचा नियम. आज लिहितानाही मला याची लाज वाटते.

मी रिक्षा करून चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. बायकोला बजावलं होतं की मी कुठे आहे ते सांगू नकोस. तिलाही आता शेजाऱ्यांचा वारा लागला होता. "चिंचणीला गेलेत, पण सांगू नको म्हणालेत," असं तिने सांगून टाकलं. मी पाण्यात बुडणाऱ्या सूर्याकडे समाधानाने पाहत होतो. तो पुरता बुडाला, आणि पाचेक मिनिटांनी वाळूतून सायकल ढकलत हे आले. वाटेत चेन उतरलेली, हात काळे, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. त्यांनी समुद्राकडे पाहिलं आणि ते माझ्याशेजारी बसले.

मला एकदम रडू आलं. "माझं चुकलं," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच.

"राग तर वाटेतच गेला, भाऊ," ते हात वाळूत पुसत म्हणाले. "चेन उतरली तवा. सूर्य हुता अजून. सांगायचं तेवडं र्‍हायलं." म्हणजे त्यांचा नियम मोडलाच नव्हता. माझा राग मात्र सूर्यानंतर मावळला.

निवृत्तीनंतर ते उमरोळीला मुलीकडे राहायला गेले. मग काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो, "किती उरलाय?" मी गच्चीवर जातो, हात लांब करतो आणि सांगतो. परवा फोन आला नाही. मला करमेना, म्हणून गच्चीवर जाऊन मीच लावला.

"दोन बोटं उरलाय," मी म्हणालो.

"कोनाशी भांडलात?"

"कोणाशी नाही. तुमच्या खोलीतले नवे लोक फार समजूतदार आहेत." मग धीर करून म्हणालो, "तुम्ही मला एकदा विचारलं होतं ना, वैरी व्हाल का म्हणून? झाला माझा विचार. होतो."

ते बराच वेळ हसले. "आता कसले होताय तुमी! खूण अजून त्याच पानात हाय. र्‍हावू दे तितंच." मग विचारलं, "भाऊ, दिसतोय कसा?"

सूर्य मी आजवर बोटांनी मोजला होता, किंवा तो कधी बुडतो याची वाट पाहिली होती; दिसतो कसा ते कधी नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, आणि तो कारखान्यांच्या चिमण्यांमागे पुरता जाईपर्यंत कसा दिसतोय ते त्यांना सांगत राहिलो.