बोंबलाचे दात

बोईसरच्या एसटी स्टँडवर ती पोरगी एकदाच भेटली. नाव मी विचारलं नाही. मांडीवर पाटीएवढा टॅबलेट, हातात त्याचं पेन. पडद्यावर कॉमिकचं चित्र कुणीतरी निळ्या रेघांनी काढून दिलेलं, ती त्यावर काळी शाई चढवत होती. एक रेघ ओढायची, जीभ चावायची, पुसायची, परत ओढायची.

चित्रात सातपाटीची कोळीण बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकत होती, अगदी माझ्या बायकोसारखी. चित्रातल्या बोटांवर निळे ओरखडेही होते. पोरीनं बोटं शाईनं काढली आणि ओरखडे सोडून दिले.

"ते का सोडलंस गं?"

"डाग वाटतात, आजोबा. रेघ स्वच्छ हवी."

माझं डोकंच फिरलं. "स्वच्छ? मग माझी बायको काय घाण होती? बोंबलाचे दात हायत ते! जन्मभर लागले तिला. औंदा गेली, तवा पण बोटांवर तेच होते. हात माझ्याच हातात होता."

स्टँडवरची माणसं बघायला लागली. बघू देत. बाईनं मरेस्तोवर राबायचं आणि चित्रात हात मात्र बाहुलीचे?

 पोरीनं ती बोटं काचेवर मोठी केली, एक ओरखडा काळा केला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "अंगठ्यावर पण होते का?"

माझी चिंचणीची गाडी लागली होती. मी उठलो नाही.

"अंगठ्यावरच जास्त," मी म्हणालो.